डावा पक्का, उजवा पोकळ

४ फेब्रुवारी

आज कड्यावरची करवत नावाची चढाईची वाट नकाशावर चढवली. तीनशे बारावी वाट. आनंद व्हायला हवा होता, पण कड्याच्या पायथ्याशी जे पाहिलं त्याने विरस केला. रक्ताळलेल्या चिकटपट्ट्या, केळ्याच्या साली, आणि मोठ्या दगडामागे कागदाचे बोळे. कशाचे, ते लिहायला नको. कातळावर जिथे तिथे, चढताना हाताला चोळतात त्या पांढऱ्या चॉकचे पंजे उमटलेले. ज्याला स्वतःची पकड स्वतः शोधता येत नाही त्याने घरी बसावं. पुढच्याच्या घामट पंजावर आपला पंजा ठेवत वर जाण्यात कसला आलाय पराक्रम?

नकाशाबद्दल एकदा लिहून ठेवतो. हा नकाशा इंटरनेटवर आहे आणि सगळ्यांचा आहे. कुणीही आपल्या जवळचा कडा त्यावर दाखवावा. कोणती वाट कुठून सुरू होते, किती अवघड आहे, दोर कुठे अडकवायचा, उतरायचं कशावरून, ते भरावं. दुसऱ्याला चूक दिसली तर त्याने दुरुस्त करावी. कल्पना छान, माणसं भिकार. आठ वर्षांपूर्वी आमच्या कड्याचं पान कोरं होतं. त्यावरच्या सगळ्या वाटा मी एकट्याने भरल्या. नियमही मीच लिहिले. स्वतः चढून पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. आणि डावं-उजवं नेहमी खडकाकडे तोंड करून सांगायचं, कारण चढणाऱ्याचं तोंड तिकडेच असतं.

गुडघा दोन वर्षांपूर्वी कामातून गेला. हे फक्त या वहीला माहीत आहे. आता मी मागच्या पायवाटेने काठी टेकत माथ्यावर जातो आणि वरून वाकून बघतो. चढणाऱ्याला नाकासमोरचा वीतभर कातळ दिसतो, मला अख्खी वाट दिसते. त्यामुळे मी नियम मोडला असं मी मानत नाही.

करवतीच्या माथ्यावर पारव्यांची घाण बोटभर साचली आहे. काठी बाजूला ठेवली, जरा बरी जागा बघून दरीकडे पाय सोडून बसलो. वारा समोरून तोंडावर येत होता आणि सोबत तो आंबूस वास. नाकाला रुमाल बांधला आणि पटकन वहीत आकृती काढली. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक अँकर. म्हणजे कातळात ठोकलेले दोन बोल्ट आणि त्यांना कडी. या कडीत दोर ओवून माणूस खाली उतरतो. दोन्ही दिसायला सारखे, चकचकीत. पण उजव्या हाताच्या बोल्टांभोवती हातोडीने ठोकून पाहिलं तर कातळ ढब्ब वाजला. आतून पोकळ, सुटायला आलेला पापुद्रा. डाव्या हाताचा मात्र खणखणीत. पोकळ अँकर काढूनच टाकायला हवा, पण ते काम कड्यावर लटकून करायचं. माझ्याने होणार नाही. नोंद केली: 'उतरताना डावा अँकर वापरावा. डावा पक्का, उजवा पोकळ.'

घरी येऊन दोनदा अंघोळ केली. वास जात नाही.

७ फेब्रुवारी

दिवसभर कवळ्या. खोलीभर गुलाबी भुकटी आणि तापलेल्या मेणाचा वास. पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडाचे साचे हातात धरतोय, अजून सवय होत नाही. माणूस आतून किती गलिच्छ असतो हे मला विचारावं.

त्यात आज डॉक्टरने उजवी दाढ लिहून डावीचं माप पाठवलं. फोन केला तर म्हणतो, "अहो, माझ्या उजवीकडची." तोंड पेशंटचं आणि उजवं याचं! कुठे उभं राहून बघायचं एवढंही ज्याला कळत नाही, त्याच्यापुढे लोक विश्वासाने आ वासतात.

१० फेब्रुवारी

करवतीच्या नोंदीत कुणीतरी हात घातला. 'उजवा पक्का, डावा पोकळ' असं उलटं करून ठेवलंय. नाव काय घेतलंय, तर 'गोगलगाय'. आईबापांनी ठेवलेलं नाव लावायला लाज वाटते या लोकांना. खाली टीप: 'कृपया एकदा तपासावे. खडकाकडे तोंड करून पाहिल्यास पक्का अँकर उजवीकडे येतो.'

खडकाकडे तोंड करून! माझाच नियम मला शिकवतोय. तळपायाची आग मस्तकात गेली. नोंद परत पहिल्यासारखी केली आणि लिहिलं, 'मी त्या जागी हजर होतो. आकृती तिथेच काढली आहे.'

११ फेब्रुवारी

गोगलगायीने पुन्हा बदललं. मी पुन्हा फिरवलं.

१२ फेब्रुवारी

पुन्हा. हिचा माग चिकट आहे, पुसला तरी उमटतो. या वेळची टीप: 'आपण अनुभवी आहात. म्हणूनच विनंती, एकदा खालून पाहा.'

अनुभवी म्हणायचं आणि वर शिकवायचं. असला तुपट नम्रपणा मला शिवीपेक्षा जास्त लागतो. फिरवलं.

१५ फेब्रुवारी

रविवार. लेक जेवायला आली. ती एका हॉलमध्ये बनावट भिंतीवर लोकांना चढायला शिकवते. येताना कुठल्या कड्यावर जाऊन आली होती कोण जाणे; पिशवीतून बाहेर आलेल्या बुटांना हिरवं ओलं शेवाळ लागलं होतं. दाराबाहेर ठेवायला लावले. नखांतही तेच.

"हात धुतलेस का?"

"दोनदा धुतले, बाबा." मग ताटावर बसल्यावर म्हणाली, "करवत चढलास तू?"

"नोंद वाचलीस ना?"

"वाचली. मधली भेग कशी होती रे? ओली?"

"कोरडी ठणठणीत."

तिने आईकडे पाहिलं. आईने डाव उचलून तिच्या ताटात उगाच आणखी भात वाढला. या मायलेकींचं डोळ्यांनी बोलणं मला आवडत नाही.

"आपण दोघं जाऊ ना एकदा," लेक म्हणाली. "मी चढते. तू नुसता खाली उभा राहून बघ."

"खाली उभं राहून बघायला मी काय राखणदार आहे?"

"बाबा, खाली उभं राहून वर बघायला काय जातं तुझं?"

"तुझ्या जन्माआधी बघून झालंय."

"थंड होतंय. जेवा आता," ही म्हणाली. जेवलो, पण चव लागली नाही. समोर ती हिरवी नखं.

१८ फेब्रुवारी

नकाशावर देखरेख करणारी तिघं आहेत. त्यांना सविस्तर तक्रार लिहिली. एक परिच्छेद चांगला साधला म्हणून उतरवून ठेवतो: 'ज्यांनी कातळाला हात लावलेला नाही, जे कुठून तरी बघून घरबसल्या नोंदी करतात, अशांच्या हाती हा नकाशा गेला तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल.'

लिहिता लिहिता खरोखर गहिवरून आलं. मग लगेच गुडघा ठणकला. शेक घेतला.

२० फेब्रुवारी

गोगलगायीला बंदी! करवतीच्या पानाला कुलूप. माझ्याशिवाय कुणी काही बदलू शकणार नाही. देखरेखवाल्यांनी लिहिलंय, 'तीनशे बारा वाटा स्वतः चढून नोंदवणाऱ्या माणसाच्या शब्दापुढे आम्हाला दुसरा पुरावा नको.'

हिला वाचून दाखवलं. ही ओट्याशी भांडी पुसत होती, मागे वळून पाहिलं नाही.

"अहो, त्या माणसाला एकदा विचारायचं तरी, का बदलतोस म्हणून."

"विचारायचं काय त्यात? काही लोकांना घाण करायला आवडते."

"तुमचे हात बघा," ही म्हणाली.

पाहिले. स्वच्छ होते. मेणाचाही डाग नव्हता.

"काय झालं हातांना?"

"काही नाही. मऊ झालेत, एवढंच." आणि कपाट उघडून ताटं लावत बसली. माझ्या विजयाच्या दिवशी हिला माझ्या हातांचं कौतुक सुचलं. असो.

२४ फेब्रुवारी

दूरच्या एका क्लबच्या म्होरक्याचं पत्र आलं. रविवारी, १ मार्चला, ते नऊ जण करवत चढायला येताहेत. त्यातले सहा नवखे. 'आम्हाला कुणा गोगलगाय नावाच्या व्यक्तीने थेट कळवलं आहे की वर पोचल्यावर डाव्या अँकरवर विसंबू नका. नकाशा तर नेमकं उलटं सांगतो. आपण स्वतः चढला आहात. कोणाचं ऐकायचं?'

बंदी घातली तर आता लोकांच्या घरात शिरतेय! नुसतं झाडूने लोटून भागत नाही, मीठच टाकावं लागतं.

उत्तर लिहिलं, 'डावा. डोळे मिटून.'

पाठवण्याआधी क्षणभर बोट थांबलं, हे खरं. आकृतीची वही काढून पाहिली. डावीकडे बरोबरची खूण, उजवीकडे फुली. स्पष्ट. पाठवून दिलं.

२८ फेब्रुवारी

संध्याकाळी लेकीचा फोन.

"बाबा, उद्या सकाळी करवतीला येशील? प्लीज. अर्धा तास."

"परवा तीन कवळ्या द्यायच्यात. आणि उद्या तिथे नऊ लोकांची जत्रा असणार. नऊ लोकांचा घाम."

"म्हणूनच ये म्हणतेय."

"मला नाही जमणार."

 

"बाबा, तुला मला काही सांगायचंय का?"

"मी काय सांगू?"

"काही नाही. बरं. मग मीच जाते."

जा म्हटलं. तिला त्या नऊ जणांपुढे चढून दाखवायची हौस असेल. आजकाल सगळ्यांना प्रेक्षक लागतात.

१ मार्च



सकाळी खालच्या जबड्याची कवळी घासत होतो. सव्वानऊला म्होरक्याचा फोन. म्हणाला, तुमच्या मुलीला लागलंय, आम्ही दवाखान्यात नेतोय. अँकरचा कातळ सुटला.

मी काय विचारलं ते इथे लिहिलंच पाहिजे. मी विचारलं, "डावा की उजवा?"

मुलगी कशी आहे हे मी नंतर विचारलं. आधी हे विचारलं.

तो म्हणाला, "डावा. चढून वर आलं की डाव्या हाताला येतो तो. आम्ही नऊही जण त्यावरूनच उतरणार होतो."

नंतर त्याने सांगितलं ते असं. ती उजाडताच तिथे पोचली होती. पायथ्याशी दोरी बांधून कुणी खाली उभं राहणार नाही अशी सोय केली. वर जाऊन पक्क्या अँकरला स्वतःला बांधलं आणि पोकळ अँकरचे बोल्ट पान्याने काढायला घेतले. नकाशावर तिला काही लिहिता येत नव्हतं म्हणून ती अँकरच काढायला निघाली होती. हे लोक पोचले तेव्हा शेवटचा बोल्ट फिरत होता. टेबलाएवढा पापुद्रा निखळला आणि खाली गेला. जाताना तिचा हात त्याच्या आणि कड्याच्या मध्ये सापडला.

बाकी ती सुखरूप आहे. 'बाकी' हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला.

२ मार्च

करंगळी मोडलीय. तिच्या शेजारच्या बोटाचं टोक डॉक्टरांना ठेवता आलं नाही. पेराएवढं गेलं.

दवाखान्यात ही तिच्या उशाशी बसून होती. मी पायाशी उभा होतो. औषधाचा, पट्टीचा, सुकलेल्या रक्ताचा वास येत होता, आणि मला त्याची जराही किळस आली नाही. किळस होती, पण ती माझी होती. माझे स्वच्छ हात, माझा घडी केलेला रुमाल, बाहेर पडताना न विसरता घेतलेली काठी.

काठी लेकीने पाहिली. 

"गोगलगाय तू?" मी विचारलं.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"तू चढत नाहीस हे? दीड वर्ष झालं. आईला त्याच्याही आधी. तुझ्या गुंडाळून ठेवलेल्या दोराची गाठ मी स्वतः बांधलेली, ती तशीच आहे अजून."

"मग मला सरळ का नाही सांगितलंस?"

तिने डोळे मिटले. दुखत असावं. "सरळ सांगायचं म्हणजे दोन्ही सांगावं लागलं असतं, बाबा. नोंद चुकली, आणि का चुकली तेही. मला वाटलं, मी नुसतं बदलत राहिले तर एखाद्या वेळी तू स्वतःच जाऊन बघशील आणि गुपचूप नीट करशील. कुणाला कळायचंही नाही."

ही म्हणाली, "तू बोलू नकोस आता, झोप." आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाली, "तुम्ही बसा तरी. गुडघा दुखेल."

कॉटशेजारच्या खुर्चीवर बसलो. खिशातून वही काढली. आकृती काढली तेव्हा मी जसा बसलो होतो, पाय पुढे, पाठीशी डोंगर, तसाच बसलो होतो. समोरून कुणी चढून माझ्याकडे तोंड करून आलं असतं तर माझा डावा त्याचा उजवा. एवढंच होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडाची बाजू सांभाळणाऱ्या माणसाला हे वीस दिवस दिसलं नाही. दिसलं नाही की बघितलं नाही, हे मला ठरवता येत नाही. २४ तारखेला बोट थांबलं होतं.

३ मार्च

देखरेखवाल्यांना लिहिलं: गोगलगायीवरची बंदी उठवा, ती बरोबर होती. त्यांचं उत्तर लगेच आलं, 'आपला मोठेपणा आहे.' वाचून शिसारी आली. आणखी काही लिहायचं धाडस झालं नाही. फोन पालथा ठेवला.

दुपारभर नोंदी काढून बसलो. दोन वर्षांत माथ्यावरून बघून भरलेल्या वाटा एक्केचाळीस. प्रत्येकीपुढे 'स्वतः चढून' असं माझ्या हाताने लिहिलेलं. त्यातल्या किती ठिकाणी डावं-उजवं फिरलंय ते मला माहीत नाही. खालून पाहिल्याशिवाय कळायचं नाही, आणि आता खालून बघायचंही मला भय वाटतं.

५ मार्च

लेकीला घरी आणलं. हात गळ्यात अडकवलाय. तिचा वर्ग तीन महिने बंद, आणि नंतर ते बोट कितपत साथ देईल हे डॉक्टर सांगत नाहीत. ती विचारतही नाही.

दुपारी तिने स्वतःच विषय काढला.

"करवतीचं पान नीट केलंस का?"

"करतोय."

"कधी?"

"आता करतो."

फोन घेऊन तिच्याशेजारी बसलो. अँकर आता एकच उरलाय, ते लिहिलं. चढताना उजव्या हाताला येतो, ते लिहिलं. मग खाली बदलाचं कारण लिहायची चौकट येते. ती जगात कुणालाही वाचता येते आणि कायम राहते. त्या चौकटीपुढे मी किती वेळ बसलो, ठाऊक नाही. ही चहा ठेवून गेली, तो निवला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुझं तू ठरव, बाबा. मी नाही सांगणार."

लिहिलं: 'ही वाट मी चढलेलो नाही. माथ्यावरून पाहून नोंद केली, त्यामुळे नजरचुकीने डावं-उजवं उलट झालं. गोगलगाय यांची दुरुस्ती बरोबर होती. ती मी तीन वेळा पुसली आणि त्यांना बंदी घालायला लावली. आणखी चाळीस वाटा अशाच भरल्या आहेत. त्यांची यादी खाली दिली आहे. त्यांवर विसंबू नये.' त्याखाली चाळीस नावं एकेक करून उतरवली. पाऊण तास लागला.

फोन तिच्या तोंडासमोर धरला, कारण तिला धरता येत नव्हता. तिने सावकाश वाचलं, वरपासून खालपर्यंत, नावांसकट. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शाबासकी नको होती, पण निदान ती काही तरी म्हणेल असं वाटत होतं.

"एक शब्द काढ," ती म्हणाली.

"कुठला?"

"नजरचुकीने."

काढला.